वावराची न्याहारी

नव्वदच्या दशकातले दोन पावसाळे मी हिंगणीजवळच्या एका उतरत्या शेतात वाहून जाणारं पाणी गोळा करण्यात घालवले. शेताच्या खालच्या कडेला मी लोखंडी ड्रम पुरले होते. पाऊस थांबला की त्यांतलं पाणी काठीने ढवळायचं, बाटलीत भरायचं, बाटलीवर चिठ्ठी डकवायची आणि पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून सेलूच्या रस्त्याला लागायचं. बाटल्यांतलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं. रस्त्यात भेटणारे हमखास विचारायचे, "काय घेऊन चालले जी, मोहाची हाय का?" मी हसून पॅडल मारायचो. बोलणं मला तेव्हाही जमत नसे.

शेतातून पाण्याबरोबर माती किती जाते आणि मातीबरोबर खताचा कस किती जातो, हे मला मोजायचं होतं. शेणखत घातलेली काळी जमीन हा कस धरून ठेवते का, पीक कुठे चांगलं येतं, एवढाच माझा प्रश्न. कृषी कॉलेजातल्या आमच्या सरांनी तो मला नेमून दिला होता. मी आर्वीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. शेणाला तोवर हात लावला नव्हता. मृदाशास्त्र घेतलं ते दुसरं काही मिळालं नाही म्हणून. वडिलांनी बजावलं होतं, "वेळेत डिग्री घे, नाईतं गल्ल्यावर येऊन बस." त्या गल्ल्याची, तिथल्या गोडेतेलाच्या चिकट फळीची आणि संध्याकाळी समोर बसून राहणाऱ्या त्याच त्या चार माणसांची मला फार धास्ती होती. ही धास्ती आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे केलं ते तिच्यापायी केलं.

शेत ज्यांचं होतं त्यांना मी काका म्हणायचो. उंच, वाळलेले, बोलण्यात सतत खोडी काढणारे. मला ते 'मातीवाले साहेब' म्हणत. घरात ते आणि काकू दोघंच. मुलींची लग्नं झालेली. आणि गोठा. खरं म्हणजे घर गोठ्याला चिकटून होतं, गोठा घराला नाही. दोन बैल, तीन गाई, एक भुरी म्हैस, दरवर्षी एखादं वासरू. सकाळी मी पोचायचो तेव्हा काकू पाट्या भरून शेण उकिरड्यावर नेत असायच्या. उकिरडा हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. काकूंचा उकिरडा मात्र कडेने दगड लावलेला, वरून कापसाच्या वाळक्या पळाट्यांनी झाकलेला, उन्हाळ्यात पाणी शिंपडून जपलेला. हात घातला तर आत कोमट, आणि वास शेणाचा नाही, जंगलात पाला कुजतो तसा. माझ्या प्रयोगाला खत लागत होतं ते मी तिथूनच घेतलं. त्यांना त्याचं केवढं अप्रूप! आल्यागेल्याला सांगायच्या, "माह्या खताची परीक्षा होऊन राह्यली कॉलेजात."

त्या दिवसांची आठवण आली की मला आधी त्या घरचं जेवण आठवतं. ड्रम भरलेले असले की निघायला उशीर व्हायचा, आणि काकू उपाशी जाऊ देत नसत. चुलीपुढे पाट, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून कच्चं जवसाचं तेल. बाहेर छपरावरून पाणी गळतंय, म्हैस आपल्या जागी फुसफुसते आहे, काका विडी विझवून ताटावर येतात आणि म्हणतात, "साहेब, तुमच्या ड्रमात आमचं वावर चाललं, अन् आमच्या घरात तुमी." मी अर्धी भाकर परत ठेवू लागलो की काकू ती पुन्हा माझ्याच ताटात टाकायच्या. आईच्या घरीही मी इतका निवांत जेवलो नाही.

उतारावर आम्ही चार लांब पट्टे आखले होते. दोन पट्ट्यांच्या मध्ये जमिनीत टिनाचे पत्रे रोवलेले, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्यात जायला नको. सगळ्यांत ज्वारी. एका पट्ट्यात नुसतं शेणखत, एकात नुसता युरिया, एकात दोन्ही, आणि कडेचा चौथा रिकामा. रिकामा म्हणजे त्याला काहीच द्यायचं नाही. बाकीच्यांची तुलना त्याच्याशी व्हायची, म्हणून सगळा प्रयोग त्या रिकाम्या पट्ट्यावर उभा होता. सर बजावून गेले होते: "एका पट्ट्यात गडबड झाली की वर्ष गेलं समजायचं. परत पहिल्यापासून." माझ्या वरच्या वर्गातल्या एकाचे पट्टे रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्ले होते, आणि सरांनी त्याला खरंच परत पहिल्यापासून करायला लावलं होतं.

पेरणी झाली. पाऊस वेळेवर लागला. माझे ड्रम भरू लागले.

पिकात पहिली निंदणी करायची वेळ आली तेव्हा मी रिकाम्या पट्ट्यात उकिडवा बसलो होतो. ज्वारीच्या ओळींमध्ये बारीक पिसासारख्या पानांची रोपं दिसली. बाभळीची. शेणखताच्या दोन्ही पट्ट्यांत ती भरपूर होती आणि का होती ते मला ठाऊक होतं: उन्हाळ्यात काकू गुरांना बाभळीच्या शेंगा घालायच्या, बिया शेणातून तशाच बाहेर पडायच्या आणि खताबरोबर शेतात यायच्या. युरियाच्या पट्ट्यात एकही नव्हतं. मग इथे कुठून? मी पट्टाभर फिरलो. रोपं वरपासून खालपर्यंत सारखी विखुरलेली होती, कुणीतरी हाताने उधळल्यासारखी. एक उपटून मुळाशी पाहिलं. शेणखताचा तपकिरी भुगा चिकटलेला होता.

काकू उकिरड्यापाशी होत्या. मी रोप हातात घेऊन गेलो.

"काकू, कडेच्या पट्ट्यात खत पडलं काय?"

"पडलं नाई, टाकलं," त्या म्हणाल्या. अगदी सहज. "पेरनीच्या दिवशी फटफटलं तवा गेलती. तुमी याच्या आंधी."

"पण काऊन?"

"काऊन म्हंजे? पेरनीच्या दिवशी वावराले न्याहारी द्या लागते. माह्या सासूपासून हाय आमच्या घरी. एकबी तुकडा उपाशी ठेवत नाई आमी." मग माझं तोंड पाहून त्या जरा वरमल्या आणि समजावायला लागल्या. "पाह्य, पंगतीत चार पोरं बसवले अन् एकाच्या पानात काईच नाई वाढलं, तं बरं दिसते का? मी तीनदा जाऊन पाह्यलं त्याच्याकडं. माह्याच्यानं पाहावलं नाई बापा."

"युरियाच्या पट्ट्यात नाही टाकलं?"

"त्याले तं तुमी पांढरी साखर देल्ली होती ना! त्याचं पोट भरलं." आणि मग अभिमानाने, "जास्ती नाई टाकलं. तुमी शेनखतवाल्याले जेवढ्या पाट्या टाकल्या तेवढ्याच टाकल्या, अन् मातीत मिळवून देल्ल्या. मोजून. भेदभाव नाई केला."

म्हणजे माझा रिकामा पट्टा हा दुसरा शेणखताचा पट्टा झाला होता. तंतोतंत. मी तिथेच दगडावर बसलो. मला गल्ला दिसला, फळी दिसली, वडील दिसले.

"माह्यं काई चुकलं का?" काकूंनी विचारलं.

या प्रश्नाला एक साधं उत्तर होतं. हो, चुकलं, पण तुमचा दोष नाही, मी सरांना सांगतो, पुढच्या वर्षी नीट करू. ते उत्तर मी दिलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "काकू, हे कोणालाच सांगू नका. काकांनाही नाही."

"सांगतलं तं तुह्या परीक्षेचं नुकसान होईन?"

"होईल."

"मंग नाई सांगत." त्यांनी शेणाने भरलेला हात वर धरला. "या शेनाची आन. कोनाले नाई सांगत."

मी बाभळीची रोपं एकूण एक उपटून नाल्यात टाकली. सर पाहणीला आले तेव्हा पट्टा स्वच्छ होता.

श्रावणाच्या सुमारास काकांनी गोठ्याचा विषय काढला. गावात सोयाबीन शिरलं होतं. ज्वारी कमी म्हणजे कडबा कमी. जंगलात चरायला नेणं दिवसेंदिवस अवघड. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळू लागलेला. गुरं विकावीत असं काकांच्या मनात होतं. काकू ऐकेनात. जेवताना दोघांची रोज वादावादी चालायची आणि मी मान खाली घालून भाकर मोडत राहायचो.

"दूध तं राह्यलं बाजूले," काकू म्हणाल्या, "खत कुठून आनान?"

"खत, खत! खतानं होते काय ते तं पाहू दे." काकांनी माझ्याकडे मान वळवली. "हे बसले ना मातीवाले साहेब. हे कोनाच्या बाजूचे नाई. साहेब, तुमचे पट्टे काय म्हनन तेच मी करतो. शेनखताच्या पट्ट्यात बिनखताच्या पट्ट्यापेक्षा जवारी जास्ती निंगाली, तं गुरं राह्यतीन. बराबर निंगाली, तं इकतो. बोल, मंजूर का?"

ते शेवटचं वाक्य काकूंना होतं.

"मंजूर," काकू म्हणाल्या. खत हरेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. चौथ्या पट्ट्याला खत घालून त्यांनी आपलाच पुरावा पुसला आहे, हे त्या क्षणी त्या चुलीपुढे एकट्या मला कळलं होतं. घास माझ्या तोंडात होता. तो गिळायला मी जरा जास्तच वेळ घेतला आणि तेवढ्यात विषय बदलला.

त्यानंतर कापणीपर्यंत पुष्कळ दिवस होते. रोज सायकलवर ठरवायचो की आज काकांना बाजूला घेऊन सांगायचं. रोज पोचल्यावर काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर मी ते काढायचो.

दिवाळी झाल्यावर चारही पट्ट्यांची ज्वारी वेगवेगळी काढली, बडवली आणि खळ्यावर काटा लावला. काका स्वतः मापं घालत होते. युरियाची बरी आली, दोन्हींची सगळ्यांत जास्त. शेणखताची आणि रिकाम्या पट्ट्याची मात्र जवळपास एक. काकांनी दोन्ही ढिगांत हात घालून दाणे पाहिले. दाणाही तसाच.

"घे," ते काकूंना म्हणाले, "लागला तुह्या शेनाचा निकाल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं. कळलं ते मला त्यांच्या नजरेत दिसलं, कारण आधी त्या रिकाम्या पट्ट्याच्या ढिगाकडे पाहत होत्या आणि मग माझ्याकडे. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. आन घेतली होती. मी सोडवेन म्हणून त्या वाट पाहत होत्या. मी काट्याची साखळी उगाच सरळ करत राहिलो.

"वावराले इचारा," त्या एवढंच म्हणाल्या काकांना. "याले काऊन इचारता?"

"वावरानंच सांगतलं ना बाई."

गुरं हिवाळ्यात गेली. आधी म्हैस, मग गाई, शेवटी बैल. गाई नेल्या त्या दिवशी मी तिथे होतो. ड्रम साफ करायचे होते. काकूंनी तिघींच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा दिला आणि दावी व्यापाऱ्याला दिली नाहीत. "दावे माहे हायेत," म्हणाल्या. दोर नाहीत म्हणून व्यापाऱ्याला गावातून नवे आणावे लागले. काका थट्टा करू लागले, पण त्यांचं मन थट्टेत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्याला शेणखत घालायला साठलेलं तेवढं अजून उरलं होतं. त्या वर्षी रिकामा पट्टा खरोखर रिकामा राहिला. ज्वारी गुडघ्याएवढी होईतो पिवळी पडली, आणि त्याच्या ड्रममधलं पाणी सगळ्यांत गढूळ यायचं. शेणखताच्या ड्रममध्ये पाणी कमी आणि कितीतरी निवळ. काका बांधावर उभे राहून दोन्ही पट्टे पाहत होते. मग म्हणाले, "औंदा पान्यानं गडबड केली, नाई का साहेब?"

मी म्हणालो, "हो, तसंच असेल."

प्रबंधातही मी दोष पावसालाच दिला, फक्त आदल्या वर्षाच्या, आणि जरा भारी शब्दांत. पहिल्या वर्षी फरक आढळला नाही, पावसाच्या असमान वाटपामुळे असावा. सरांना ते पटलं. वेळेत डिग्री मिळाली. वडिलांनी दुकानात पेढे वाटले. पुढे वर्ध्याला माती तपासणीच्या कामात नोकरी लागली, लग्न झालं, बोरगाव मेघेला घर बांधलं. सगळं त्या वाक्यावर उभं राहिलं असं म्हणणार नाही, पण ते वाक्य पायाच्या दगडांत होतं एवढं खरं. हिंगणीला मी जाणं टाळलं. पोळ्याला, दिवाळीला काकूंचा निरोप यायचा, "पोट्टा येत काऊन नाई?" मी कामाचं कारण सांगायचो. शेणखत घाला म्हणून शेतकऱ्यांना सांगायला मात्र मी गावोगाव जात होतो. चांगलं बोलायचो म्हणे.

मग एका वर्षी, दोन हजारच्या पुढे बरंच, काकाच ऑफिसात आले. कापडी पिशवीत माती. टेबलावर पिशवी ठेवून म्हणाले, "काकू म्हने, दुसऱ्या कोनाले दाखवू नका, त्यालेच दाखवा."

मी ढेकूळ हातात घेतलं. फोडायला जोर लागला. मला आठवत होती ती माती मुठीत दाबली की मोकळी व्हायची.

"आता पानी मुरतच नाई," काका म्हणाले. "पडलं की चाललं नाल्यात. युरिया टाकला तं तोबी त्याच्यासंग चालला. तुमचे ड्रम राह्यते तं दिसलं असतं." आणि हसले. तपासणीत यायचं तेच आलं: शेणापाल्यातून मातीत येणारा सेंद्रिय कर्ब तळाला गेलेला. निकाल पोस्टाने पाठवता आला असता. मी पाठवला नाही. रविवारी एस.टी. धरली.

तूर निघाली होती. गोठ्यात आता सोयाबीनची पोती आणि फवारणीचा पंप. खुंट्यांना मात्र दावी लटकत होती, तीच. काकूंनी पाकिटातल्या दुधाचा चहा केला आणि आधीच माफी मागितली, "पानी लागते हे दूध."

"दुधाचं नाव घेऊ नको," काका बोलले. "तुह्या शेनाचा निकाल या साहेबानंच तं लावला." या वाक्याला धार उरलेली नव्हती. इतकी वर्षं रोज वापरून ते गुळगुळीत झालं होतं. काकू पदराने कपबशी पुसत राहिल्या. इतकी वर्षं रोज ऐकून त्यांनी एकदाही उत्तर दिलं नव्हतं, हे तेव्हा मला समजलं.

मी चहा खाली ठेवला आणि सांगितलं. बाभळीच्या रोपांपासून. काकूंनी काय केलं, मी काय म्हणालो, त्यांनी कशी आन घेतली, खळ्यावर काटा लावला तेव्हा मी का गप्प बसलो, दुसऱ्या वर्षी पट्टा का पिवळा पडला.

मग काकू बोलल्या, आणि त्या माझ्यावर चिडल्या. "आता काऊन सांगतलं? गुरं येनार हायेत का परत? तुह्या जिवाले हलकं वाटावं म्हनून?"

"हो," मी म्हणालो. "त्यासाठी पण."

काका त्यांच्याकडे पाहत होते. माझ्याकडे नाही. "तुले माहीत होतं?"

"आन घेतली होती."

"इतके वर्स?"

"आन काय वर्साची घेतेत?"

काका उठले, गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पोत्यांवर हात ठेवून बराच वेळ आत बघत राहिले. तिथूनच म्हणाले, "मंग तू जितली होती तं."

"हो," काकू म्हणाल्या. "जितली होती." आणि रडल्या. आवाज न करता, कपबशी मांडीवर धरून. गाई नेल्या त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या.

काका मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटभर ते माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. बस दिसली तेव्हा म्हणाले, "मातीचा कागद देल्ला नाई तुमी."

मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो न वाचता घडी केला.

"येऊ नको असं म्हनत नाई," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अहो-जाहो केलं नाही, साहेबही म्हटलं नाही. "पन इतक्यात येऊ नको."

मी गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या रस्त्याने जीपमधून जाताना चालकाला गाडी हळू करायला सांगितली. घराच्या मागे उकिरड्याच्या जागी दगड पुन्हा कडेने लावलेले दिसले. आत फारसं काही नव्हतं. एक गाय बांधलेली होती, बारकी, तांबडी, आणि तिच्या गळ्यात ते जुनं दावं असावं; रस्त्यावरून नक्की सांगता येईना. काकू पाटी घेऊन वाकलेल्या होत्या. मी हाक मारली नाही. इतक्यात येऊ नको म्हणाले होते, आणि ते 'इतक्यात' अजून संपलं की नाही हे ठरवणारा मी नव्हतो.